‘बंद चौकी’च्या शेवटच्या पाट्या

संपादकांचा फोन आला, “वहिनी, यंदाच्या अंकात तुमचा लेख हवाच. ‘बंद चौकी’ तुम्ही कशी वाचवलीत ते लिहा. चार गमतीजमती टाका.” मी हो म्हटलं. आता हा मजकूर वाचून त्यांनी कपाळाला हात लावला तर माझा इलाज नाही. ‘बंद चौकी’ मी वाचवली, हे खरं आहे. त्यात कोण बुडालं, हे मला कोणी विचारलं नाही. तेवढं आज सांगून टाकते.

कर्जतला दहिवलीच्या रस्त्यावर आमच्या घराची पुढची खोली हीच माझी व्हिडिओ लायब्ररी. नवरा शाळेत मास्तर, दुकान सर्वस्वी माझं. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, वहीएवढ्या काळ्या डब्यात फीत गुंडाळलेली असायची, ती कॅसेट. लोक ती एका दिवसासाठी भाड्याने न्यायचे, घरच्या मशीनमध्ये घालून सिनेमा बघायचे, आणि परत करताना फीत मागे गुंडाळून आणायचे नाहीत. या एका गोष्टीवरून मी कर्जतातल्या भल्याभल्या माणसांशी भांडले आहे. एक वकीलसाहेब होते. बंगला, गाडी, सगळं जागच्या जागी, पण कॅसेट गुंडाळायची म्हटली की हात दुखायचे. शेवटी मी त्यांना दुकानात बसवलं आणि त्यांच्याकडूनच गुंडाळून घेतली. त्यानंतर ते बायकोला पाठवायला लागले.

आमच्याकडची ओल म्हणजे फितीची वैरीण. पावसाच्या चार महिन्यांत फितीवर पांढरी भुरी, म्हणजे बुरशी, चढते. तशीच मशीनमध्ये घातली की चित्राला मुंग्या येतात आणि मशीनही बिघडतं. म्हणून मी लोखंडी कपाटाच्या तळाशी एक बारीक दिवा कायम पेटता ठेवायचे. सासूबाई म्हणायच्या, “देवापुढचा विझला तरी चालेल, हिचा कपाटातला विझता कामा नये.” कॅसेटींचा जमाना सरल्यावर मी लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी पुसून-पासून पेनड्राइव्हवर उतरवून द्यायला लागले. एकदा नेरळहून एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. म्हणाले, “यातला जावई काढून द्या.” मी म्हटलं, “काका, लग्नातून नवरा काढला तर राहतं काय?” म्हणाले, “पंगती ठेवा. जेवण चांगलं होतं.” ठेवल्या पंगती. गृहस्थ खूश होऊन गेले.

टीव्हीवरच्या मालिका उतरवून ठेवणं हा माझा जोडधंदा. कायद्यात बसत होतं का, ते विचारू नका. साडेआठला मालिका लागायची आणि निम्मं गाव तेव्हा कामावरून घरी पोचलेलंच नसायचं. दुसऱ्या दिवशी बायका दारात हजर. “वहिनी, कालचा भाग आहे ना?” असायचाच.

अशात ‘बंद चौकी’ सुरू झाली. दर सोमवारी एक, असे सोळा भाग. खालापूरच्या बाजूला घाटाच्या पायथ्याशी बंद पडलेली पोलीस चौकी, तिच्यासमोर चहाची टपरी चालवणारी चंद्रा, बदली होऊन आलेला फौजदार, आणि नाहीसे होणारे वाटसरू. बघणाऱ्याला भीती वाटायची ती चंद्राच्या बोलण्याची. फौजदार तिला दरडावून विचारतो, इथे काय चालतं ते तुला काय माहीत? ती कपबशी विसळत म्हणते, “सायेब, चौकी बंद हाय. डोळं नाय.” बस्स. अंगावर काटा यायचा. आज विशी-तिशीतल्या पोरांच्या बनियनवर हे वाक्य छापलेलं दिसतं. त्यांच्यातल्या निम्म्यांचा तेव्हा जन्मसुद्धा झालेला नव्हता.

आता माझी पद्धत सांगते, कारण सगळं तिथेच आहे. तीन तासांची कॅसेट. जाहिराती गाळल्या आणि मागच्यापुढच्या नावांच्या पाट्या गाळल्या, तर तीत आठ भाग चपखल बसायचे. सोळा भाग, दोन कॅसेटी. पाट्या ठेवल्या तर तिसरी कॅसेट लागायची, आणि तिसरी म्हटली की गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. पाट्या कोण बघतं? म्हणून पाट्या आल्या की मी उतरवणारं मशीन थांबवायचे; टीव्हीवर त्या चालूच असायच्या. पण शेवटच्या पाट्या संपल्यावर पुढच्या भागाची झलक असायची, आणि ती लोकांना हवी असायची. म्हणजे पाट्या संपेपर्यंत बटणावर बोट ठेवून बसायचं, आणि झलक आली की सोडायचं. बायका सोळा सोमवार करतात ते वेगळ्या कारणासाठी. माझे सोळा सोमवार हे असे झाले. त्यामुळे अख्ख्या कर्जत-खालापुरात त्या मालिकेच्या पाट्या दर आठवड्याला पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचणारी बाई मी एकटीच होते.

पहिल्या सोमवारी दुपारीच एक बाई दुकानात येऊन उभी राहिली. तिशीतली, हिरवं लुगडं, हातात पिशवी. खालापूरकडच्या कुंभिवलीहून आली होती.

“वैनी, आज ते बंद चौकी लागनार हाय ना? मला बघू द्याल? आमच्याकडं लाइटीचा भरवसा नाय. माझं नाव येनार हाय त्यात.”

“तुझं? काम केलंयस होय त्यात?”

“दिसत नाय मी. बोलते.”

ती इंदू ठोंबरे. मालिकेचं शूटिंग कुंभिवलीच्या अंगाला झालं, तेव्हा ती त्या मंडळींना पाणी आणि भाकऱ्या पुरवायची. चंद्राचं काम करणारी नटी मालविका. दिसायला देखणी, पण तोंड उघडलं की शहर. दिग्दर्शक वैतागले, आणि त्यांनी इंदूला कॅमेऱ्याच्या बाजूला बसवून वाक्यं म्हणायला लावली. मालविका नुसते ओठ हलवायची. नंतर इंदूला मुंबईला नेलं, एका बंद खोलीत चार दिवस माईकसमोर बसवलं, आणि सगळी चंद्रा तिच्याकडून बोलून घेतली. “कागदावर ‘डोळे नाहीत’ असं लिवलं व्हतं,” ती हसत सांगत होती. “मी म्हटलं, असं कोन बोलतं वो? मंग सायेब म्हनले, तू बोल तुझ्या परीनं.”

रात्री आम्ही शेजारी बसून पहिला भाग बघितला. शेवटच्या पाट्या भरभर पळायला लागल्या. इंदू चौथी शिकलेली, बोटाने हवेत अक्षरं लावत होती. आणि आलं. ‘चंद्राचा आवाज : इंदू ठोंबरे’. ती उठून टीव्हीपाशी गेली, काचेला हात लावला, तोवर दुसरी नावं आली होती. “दिसलं का, वैनी? तुमी वाचलं ना?” मी म्हटलं, “वाचलं गं बाई, वाचलं.” आणि माझं बोट तेव्हा बटणावर होतं. मशीन मी केव्हाच थांबवलं होतं. तिच्या शेजारी बसून तिचं नाव गाळलं, आणि मला त्यात काही वाटलंसुद्धा नाही. पाट्याच त्या.

मालिका संपली. वर्षाच्या आत इंदू पुन्हा आली, या वेळी हसत नव्हती. गावात तिने सगळ्यांना सांगितलं होतं. गावाने माझ्याच कॅसेटी भाड्याने नेऊन, मशीन लावून, जमून बघितल्या. नाव कुठेच नाही. मग काय, पाणवठ्यावर, एसटीच्या थांब्यावर, लग्नाकार्यात तिला हाक मारायची ती “आली गं सिरियलवाली” अशीच. तिच्या नवऱ्याने एकदा शेजाऱ्याच्या टीव्हीवर नाव वाचलं होतं. पण नवऱ्याचं म्हणणं कोण धरतं?

“वैनी, कॅसेटीत माझं नाव नाय म्हनत्यात. असं कसं वो?”

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, “तिकडूनच तसं येतं गं. कधीकधी शेवट तुटतो.”

तिला मशीनमधलं काय कळणार? “असं हाय व्हय,” म्हणाली आणि गेली. इतकं सोपं होतं ते खोटं, की मी संध्याकाळपर्यंत विसरले.

मध्ये तीस वर्षं गेली. दुकान बंद झालं, नवरा गेला. कपाटातला दिवा मात्र मी चालू ठेवला होता, सवयीने म्हणा. गेल्या वर्षी निखिल नावाचा तरुण मुंबईहून माझं घर शोधत आला. ‘बंद चौकी’ काढणाऱ्या निर्मात्याच्या मुलाने तिशीनिमित्त सगळी मालिका डिस्कच्या देखण्या संचात काढायचं ठरवलं होतं. आजकाल डिस्क कोण घेतं, असं मी विचारलं. म्हणाला, “काकू, या मालिकेचे वेडे घेतात. मशीन नसलं तरी कपाटात ठेवायला घेतात.” पण त्यांच्या मूळ फिती गोदामात पुराच्या पाण्याने गेल्या होत्या. करारमदार, कागदपत्रं, सगळंच गेलं. दिग्दर्शक वारलेले. निर्माता वारलेला. कुणीतरी सांगितलं, कर्जतला एक कॅसेटवाल्या वहिनी आहेत.

मी कपाट उघडलं. दोन कॅसेटी, सोळा भाग, भुरीचा कण नाही. निखिलने त्या उजेडात धरून दोन-दोनदा उलट्यासुलट्या बघितल्या. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. जन्मभर लोकांनी ‘कॅसेटवाली’ म्हणून हाक मारली, आता वर्तमानपत्रात फोटो आला, ‘मालिका वाचवणारी गृहिणी’. गृहिणी! बावीस वर्षं दुकान चालवलं, तरी यांच्या लेखी गृहिणीच. पण रागावले असं दाखवून मी ते कात्रण सगळ्यांना दाखवत होते.

महिन्याने निखिलचा फोन आला. “काकू, सगळे भाग सुंदर आलेत. पण एकाही भागाला नावांच्या पाट्या नाहीत. असं का?”

मी म्हटलं, “भुरी. टोकांना आधी लागते.”

सोळाही भागांच्या नेमक्या पाट्यांना भुरी लागली! तीही फितीच्या मधोमध! त्या पोराला शंका यायला हवी होती. पण मी त्याची वाचवणारी देवता. त्याने मानलं. म्हणाला, जुन्या जाहिराती आणि लोकांच्या आठवणी यांवरून नवीन पाट्या करतो. मी लगेच सांगितलं, “चंद्राचा आवाज इंदू ठोंबरेचा. तेवढं घाल.” हे मी सांगितलं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते. दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन. “मालविकाताई म्हणतात आवाज त्यांचाच आहे. मुलाखतीतही त्यांनी तसंच सांगितलंय, ती आपण संचात घालतोय. मी कुंभिवलीला जाऊन इंदूआजींना भेटलो. त्यांचा आवाज आता पिकलाय, काही कळत नाही. काकू, तुम्ही पाटी स्वतः वाचली होती ना? तेवढं लेखी द्या. मी लावून धरतो.”

“देते,” म्हटलं.

कागद घेऊन बसले. लिहिलं, ‘मी ही पाटी सोळा वेळा वाचली आहे.’ आणि हात थांबला. पुढचा प्रश्न कोणीही विचारेल, सोळा वेळा वाचली तर मग फितीवर का नाही? म्हणजे लिहावं लागणार, मी गाळली. दोनच कॅसेटींत बसावी म्हणून मीच गाळली, आणि नंतर दोनदा खोटं बोलले. वर्तमानपत्रातला तो फोटो मी भिंतीवर लावला होता. त्याच्याखाली बसून मला ते लिहवेना. निखिलचा एकदा फोन आला, दुसऱ्यांदा आला. मी म्हणाले, बघते, तब्येत बरी नाही. मग छपाईची वेळ झाली आणि फोन थांबले. तो थांबला याचं मला बरं वाटलं. आता किळस येते त्या बरं वाटण्याची.

संचाचा समारंभ आमच्याच दहिवलीच्या मंगल कार्यालयात झाला, कारण मी इथली. व्यासपीठावर मालविका, निर्मात्याचा मुलगा, आणि शाल-नारळ घेऊन मी. संचातल्या पुस्तिकेत एक अख्खं पान माझं. नव्या पाट्यांत ‘विशेष ऋण’ म्हणून पहिलं नाव माझं. सोळाही भागांच्या शेवटी. इंदूचं कुठेच नाही. हॉल भरलेला, पोरं त्या वाक्याची बनियनं घालून आलेली. तिसऱ्या रांगेत इंदू बसली होती. डोकं पांढरं झालेलं, बाजूला सून आणि कुंभिवलीची दोन-चार माणसं. तिला कोणी बोलावलं माहीत नाही. मी नव्हतं बोलावलं.

पोरांनी गलका केला, “मालविकाताई, वाक्य! वाक्य!” ताई उठल्या, पदर सावरला, आणि म्हणाल्या, “साहेब, चौकी बंद आहे, डोळे नाहीत.” अगदी आकाशवाणीसारखं. तरी टाळ्या पडल्या.

इंदू उभी राहिली. “तसं नाय ते, बाई,” ती म्हणाली. आणि हातात कपबशी असल्यासारखे हात धरून तिने म्हटलं, “सायेब, चौकी बंद हाय. डोळं नाय.”

आवाज पिकला होता, जाड झाला होता. पण तोच होता. मालविकाच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी दोन हातांवरून बघितला. आता, आता बोल, असं माझं मलाच ओरडून झालं. माईक माझ्यासमोर होता. त्याच क्षणी सूत्रसंचालक पुढे झाला, “वा आजी, वा! बघा मंडळी, चंद्राचे चाहते कुठल्या वयापर्यंत पोचलेत! आजींना आपल्यातर्फे एक बनियन द्या.” हॉल हसला, टाळ्या वाजल्या. एका मुलीने तिच्या हातात घडी केलेलं बनियन दिलं. त्यावर तिचंच वाक्य छापलेलं. कुंभिवलीची माणसंही हसत होती. सून मान खाली घालून तिच्या पदराला ओढत होती, “बसा वो, आई. बसा खाली.”

मी नारळ मांडीवर धरून बसून राहिले.

कार्यक्रम संपल्यावर ती दारात माझी वाट बघत होती. सून लांब उभी.

“वैनी, एक खरं सांगा. माझं नाव व्हतं ना? का मीच येड्यावानी सपान बघितलं? आता माझं मलाच कळंना झालंय.”

तीस वर्षांत या बाईला स्वतःच्या डोळ्यांचाही भरवसा राहिला नव्हता. माझ्याने पुढे खोटं बोलवेना. म्हटलं, “होतं इंदू. सोळाही भागांना होतं. मीच गाळलं, कॅसेटीत जागा नव्हती म्हणून. तुटलं-बिटलं काही नव्हतं.”

ती रडेल, शिव्या देईल, असं वाटलं. तिने नुसतं व्यासपीठाकडे बोट केलं.

“मंग ह्ये तिथं का नाय बोलल्या? माईक व्हता की तुमच्या म्होरं.”

मी खांद्यावरची शाल काढून हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी मी सगळं लिहून काढलं, सही केली, एक प्रत निखिलला पाठवली. त्याचं सभ्य उत्तर आलं. संच निघून गेलेत, पुन्हा छापायचा विचार नाही, कागद जपून ठेवतो. मालविकाताईंकडून काहीच आलं नाही. दुसरी प्रत घेऊन मी कुंभिवलीला गेले. हायवेच्या मागे त्यांचं घर. अंगणात सून भात वाळत घालत होती, शेजारच्या दोघी-तिघी मदतीला बसलेल्या. इंदू ओट्यावर होती. मी कागद तिच्याकडे दिला, तिने सुनेकडे दिला. “वाच. मोठ्यानं वाच.”

सुनेने वाचलं. अडखळत, पण सगळं वाचलं. मी गाळलं, मी खोटं बोलले, एकदा गिऱ्हाइकांसमोर, एकदा फोनवर, आणि समारंभात गप्प बसले, सगळं. शेजारणींचे हात थांबले होते. सून सासूकडे बघायला लागली. “आई, म्हंजी खरंच तुमी व्हता ती? आमी तुमाला इतकी वर्सं...”

इंदूने कागद परत घेतला, चार घड्या घातल्या आणि पदराच्या गाठीत बांधला. सुनेला म्हणाली, “वैनींना च्या टाक.” मग माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी तो अंगावर घेतला असता.

“च्या घ्या नि जावा, वैनी. पुन्यांदा येऊ नका.”

चहा पितळेच्या मोठ्या पेल्यात आला, काठोकाठ, चटके बसतील इतका गरम. टाकून उठणं बरं दिसलं नसतं. अंगणातल्या सगळ्या बायकांच्या देखत मी तो घोट घोट करत संपवला.